पहिल्या हाकेला ओ

माझं नाव कचऱ्याचं आहे. ते इथे लिहीत नाही, पण आमच्या भागात अशी नावं का ठेवतात हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली. एक जन्मतःच, दोन रांगायला लागायच्या आधी. म्हणून मी झाले तेव्हा सुईणीनं मला सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि तिथून शेजारणीनं पसाभर नाचणी देऊन मला विकत घेतलं. मग तिनं मला सांभाळायला म्हणून आईच्या हातात दिलं. म्हणजे मी शेजारणीची, आई नुसती सांभाळणारी. नावही असं की ऐकणाऱ्याला वाटावं, ही कोणाच्या लाडाची नाही, हिला नेऊन काय करायचं. न्यायला येणाऱ्याला फसवायचं, एवढीच युक्ती होती.

युक्ती चालली. मी आज सत्तरीच्या पुढे आहे. दात गेले, गुडघे गेले, बाकी शाबूत आहे.

आईनं आणखी एक गोष्ट शिकवली होती. बाहेरून नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसरी मारेल, तिसरी मारेल. जे माणूस नसतं ते एकदाच मारतं. हे मी जन्मभर पाळलं. नवरा चिडायचा. "बहिरी झाली का गं?" म्हणून ओरडायचा. तो जाईपर्यंत मी त्याला तिसऱ्या हाकेलाच उत्तर दिलं.

हे सगळं मी घरात कधी बोलले नव्हते. बोलायची वेळ नातीमुळे आली.

आमचं गाव घोडेगावहून वर, डोंगराच्या अंगाला. कॉलेज खाली घोडेगावात. एसटी दिवसातून दोनदा, मधल्या वेळेला जीप. नात अकरावीला होती. होळीच्या आधीच्या आठवड्यात ती, तिची मैत्रीण आणि आमच्याच आळीतला एक पोरगा, असे तिघे परत येताना जीपमध्ये बसले. जीप भरली होती, निघायच्या बेतात होती. तेवढ्यात वरच्या वाडीची म्हातारा-म्हातारी आली. दोघं पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला तालुक्याला गेली होती. म्हाताऱ्याचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता म्हणून दिवस गेला, दोघं दमली होती. ड्रायव्हरनं पोरांना उतरवलं. "तुमी जवान हायसा, मागल्या गाडीनं या." आधी पोरगा उतरला, मग आमची, मग तिची मैत्रीण. म्हातारा-म्हातारी त्यांच्या जागेवर बसली. जीप दुसऱ्या वळणावर खाली दरीत गेली. चार माणसं मेली, त्यात ती दोघं. जिवंत आहोत म्हणून अंगठा देऊन आली होती.

आम्ही नातीवरून मीठ-मोहऱ्या उतरल्या, देवाला नारळ फोडला आणि विषय संपवला. मी तर म्हणाले, उलटं बरं झालं, पोरीला एसटीत उभ्यानं यायची सवय होईल. तेव्हा तीही हसली होती.

मग तो सिनेमा आला. पोरानं कुठून तरी मोबाइलमध्ये घेतला होता. तिघांनी देवळामागं बसून तो एका दुपारी बघितला. कॉलेजची पोरं कुठल्याशा तळ्यावर होडीत बसतात, भांडण होऊन काही जण उतरतात आणि होडी बुडते. उतरलेली पोरं खूश होतात. पण ती यादीत असतात. मग ज्या क्रमानं उतरली त्याच क्रमानं काळ एकेकाला गाठतो. तिघांना तो बघून आधी मजाच वाटली. पोरगा म्हणाला, "आयला, आपलीच ष्टोरी हाय की! पैला नंबर माझा." माझी नात म्हणाली, "मग दुसरा माझा." मैत्रीण म्हणाली, "तुमी दोघं नीट ऱ्हावा रे, तुमच्यामागं मी हाय."

हिरड्याचे दिवस आले. आमच्याकडे सगळं गाव हिरडा काढायला झाडावर असतं. तो पोरगा लहानपणापासून झाडावर चढणारा, माकडासारखा. फांदी हिरवी होती, पानं होती, आतून किडीनं पोखरली होती. खालून कळत नाही. तो पडला तेव्हा खाली त्याची आई पोतं धरून उभी होती.

माझी नात मयतीला गेली नाही. घरात कोपऱ्यात बसली आणि बसूनच राहिली.

सुरुवातीला मला राग आला. मयताला जायचं नाही म्हणजे काय? पण पुढं तिचे प्रकार वाढले. पंख्याखाली झोपेना. बटणाला हात लावीना. विहिरीवर जाईना. भाकरीचा तुकडा घशात अडकेल म्हणून नुसतं ताक प्यायची. गॅस पेटवायचा झाला की अंगणात जाऊन उभी राहायची, आणि अंगणात आली की वर कौलांकडे बघत राहायची. महिन्याभरात गालाची हाडं वर आली. सुनेनं डॉक्टरला दाखवलं, देवाला दाखवलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, भगतानं लिंबू दिलं. पोरीनं दोन्ही उशाखाली ठेवलं.

कॉलेज सुरू व्हायची वेळ आली. बारावीचा फॉर्म भरायचा होता, सोमवार शेवटचा दिवस. मुलगा माझा वाईट नाही, पण त्याला एकच उपाय माहीत. "सोमवारी खाली गेली न्हाई तर राजुरीच्या पावण्यांना मी हो म्हणून टाकीन. शिकायचं न्हाई तर घर तरी कर म्हणावं." पोरीनं ते ऐकलं आणि म्हणाली, "त्यांना आधी सांगा, दोन नंबरची हाय म्हणून. फुकट लग्नाच्या खर्चात पडतील." बापानं हात उगारला आणि खाली घेतला.

त्याच दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "सिनेमावाल्यांचा धंदा हाय त्यो. तुझ्यासारख्या येड्यांवर चालतो."

"तू बघितलास का?"

"मी कशाला बघू?"

"मग बघ. बघून सांग खोटं हाय म्हणून. तू सांगितलंस तर मी सोमवारी जाते."

ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही दोघी बसलो. भर उन्हात. मला भीती वाटली नाही. त्यातला काळ दिसत नाही. नुसतं पाणी ठिबकतं, वारा सुटतो, एखादा खिळा सैल होतो. मी मनात म्हटलं, एवढं तर आमच्या घरात रोज होतं. पण पुढं एक मुलगी मरायच्या बेतात असताना दुसरी तिला हाताला धरून ओढते. ती वाचते. आणि जी ओढते तिलाच काळ नेतो. ज्याला सोडलं त्याच्या बदल्यात जवळचं माणूस.

मी म्हणाले, "बंद कर."

"का? घाबरलीस?"

"बंद कर म्हटलं ना."

मला शेजारणीचं घर आठवलं होतं. पण ते मी सांगितलं नाही. पोरीनं खोदून विचारलं तेव्हा अर्धंच सांगितलं. मला कसं सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं, विकलं आणि मी कशी जगले. मला वाटलं, तिला धीर येईल. म्हातारीला काळ फसवता आला तर आपल्यालाही येईल, असं वाटेल. तसंच झालं. पोरगी महिन्यानं पहिल्यांदा ताठ बसली.

"मग मला पण वीक."

"ते तान्ह्या पोरांचं असतं."

"कुठं लिवलंय तसं?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. पुढचं अर्धं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. पोरीनं त्या संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली, आणि ती खाते आहे हे बघून माझं तोंड बंद झालं.

शनिवारी बांगडीवाली आली. ही जुन्नरची मुसलमान बाई, आमच्या गावाला चाळीस वर्षं येते. माझ्या सुनेच्या हातात तिनंच चुडा भरला, माझ्या हातातला तिनंच उतरवला. आम्ही दोघी एकमेकींना तोंडावर बोलतो. टोपली ओट्यावर ठेवून ती पाणी पिते न पिते तोच नात पुढं झाली. हातात घरातलं सूप.

"चाची, मला इकत घेता का?"

"या अल्ला! मी बांगड्या विकायला आले, तर तूच मला गिऱ्हाईक केलंस?"

पोरीनं सगळं सांगितलं. जीप, हिरडा, सिनेमा, सूप. बांगडीवाली माझ्याकडे बघून हसली. "काय गं बाई, घरात माणसं जास्त झाली का तुझ्या? पण माझ्याकडं नाचणी कुठली? डझनभर हिरव्या बांगड्या देते. चालंल?"

"चालंल," नात म्हणाली आणि हात पुढे केला. एवढासा हात, काडीसारखा. बांगडीवालीनं तो आपल्या मांडीवर घेतला, अंगठा दाबून बोटं जुळवली आणि पहिली बांगडी चढवायला लागली.

मी विचारलं, "भाभी, तुझी नात केवढी झाली?"

"हिच्याच एवढी की. शिवणाच्या क्लासला जाते. का?"

"हात सोड तिचा."

मग मी उरलेलं सांगितलं. सगळं, न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा सांगितलं नसतं.

विकायचं असतं ते अशा बाईला, जिच्या घरात लहान मूल नाही. वांझ बाई, नाहीतर जिची सगळी पोरं बाप्ये झाली अशी म्हातारी. हे आमच्यात सगळ्यांना माहीत होतं, माझ्या आईलाही. पण मी झाले ते भर पावसाळ्यात, आई पिवळी पडलेली, छातीला दूध नाही. वरच्या आळीला एक म्हातारी होती, तिच्यापर्यंत जायला कोणी उठलं नाही. शेजारीण ओली बाळंतीण होती. तिला महिन्याची मुलगी होती आणि दूध होतं. आईला वाटलं, विकणंही होईल आणि पोरीला पाजणंही. जवळचं दार धरलं. मी चार महिन्यांची झाले, बाळसं धरलं आणि शेजारणीची मुलगी दोन दिवसांच्या तापात गेली.

कोणी काही बोललं नाही. शेजारीणही नाही. ती मला पाजत राहिली. फक्त दर वर्षी पित्रपाटात ती आपल्या मुलीचं पान वाढायची, आणि त्या पानावर जेवायला मला बोलवायची. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं त्याच्या वयाचं माणूस जेवायला घालतात. माझ्या वयाची तिला दुसरी कोण मिळणार? मी पाच वर्षांची असल्यापासून लग्न होऊन जाईपर्यंत त्या पानावर जेवले. खीर, वडे, आळूची भाजी. ती समोर बसायची आणि मी घास घेताना बघायची. एका वर्षी मला ताप होता, जेवण जाईना. आई सांगायला गेली तर ती स्वतः दारात आली. मलाच म्हणाली, "चल. तुझंच हाय त्ये." मी गेले. उलटी होईपर्यंत खाल्लं.

मी एवढं सांगून थांबले.

बांगडीवाली म्हणाली, "हे आधी सांगायचं न्हाई व्हय?" मग म्हणाली, "आमच्यात असलं काही मानत न्हाईत. घेते मी. पोरीचा जीव महत्त्वाचा." पण हातातली बांगडी तोवर टोपलीत गेली होती. मी तिला बोल लावत नाही. मीही तेच केलं असतं.

माझ्या नातीनं हात ओढून घेतला होता. "नगं चाची. तुमच्या घरात पोरगी हाय." मग माझ्याकडे वळली. "म्हंजी मी वाचले तर दुसरं कुणीतरी जाणार. बरोबर ना? त्या म्हाताऱ्यांसारखं."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. आज्या नाही म्हणतात. मी म्हणाले, "मला ठावं न्हाई. मी आपलं झालं त्ये सांगितलं."

"मंग माझं मला येऊ दे," ती म्हणाली आणि घरात गेली.

त्या दिवसापासून तिनं भ्यायचं सोडलं. सून खूश झाली. पोरगी जेवली, डोक्यावरून पाणी घेतलं, कॉलेजचे कपडे धुतले. पंख्याचं बटणही दाबलं. पण मी बघत होते. आपलं दप्तर आवरून ते तिनं धाकट्या भावाच्या फळीवर ठेवलं. चांगली चप्पल पुसून आईला दिली, मला घट्ट होते म्हणाली. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, "मी गेले की तू लगीच सावध ऱ्हा, झाडाखाली थांबू नको." कोपऱ्यात बसून थरथरणारी पोरगी मला चालली असती. ही जी आवराआवर करत होती, ती मला बघवेना. मरणाच्या दारात माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. ती अशीच आवराआवर करतात.

रविवारभर मी एकच विचार करत होते. सिनेमात क्रम असतो. पण क्रम लावायला यादी लागते, आणि यादीला नाव लागतं. माझ्या आईनं नावालाच हात घातला होता, तेवढं तिचं बरोबर होतं. चूक झाली ती दाराची.

मग मला जवळचं दार सापडलं. ज्या दारात लहान मूल नाही, कोणी वाट बघणारं नाही आणि जिथलं माणूस आधीच उशीर करून बसलेलं आहे.

सोमवारी सकाळच्या एसटीला मी काठी घेऊन थांब्यावर गेले. नात होती, तिची मैत्रीण होती, चार-पाच माणसं होती. मी सगळ्यांसमोर नातीला माझ्या नावानं हाक मारली. माझं ते कचऱ्याचं नाव, मोठ्यानं, तीनदा. माणसं हसली.

"आजी, असं काय करतीस? लोकं बघत्यात."

"आजपास्नं हेच तुझं नाव. घरात, दारात, रस्त्यात. कागदावर तुला काय लिवायचं ते लिव. ओ दे."

"आणि मग तुझं?"

"माझं पण तेच. एका नावाच्या दोघी असल्या की आधी थोरलीला विचारावं लागतं. रीत हाय तशी."

रीत बीत काही नव्हती. ती मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या केली होती. पण पोरगी माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला समजलं. ती हुशार आहे. तिचे डोळे भरले. मी म्हणाले, "रडू नको. मी उकिरड्यावरची हाय, माझी मुदत कवाच संपली. ओ दे आधी."

तिनं ओ दिली.

मैत्रीण पुढं आली. "आजी, आणि माझं काय? हिला चुकलं तर पुढं मीच हाय की."

"तू पण तीच. आता तिघी एका नावाच्या."

कंडक्टर दारात उभा होता. तो म्हणाला, "काय आजी, सगळ्या गावाला एकच नाव ठिवता का? मला तरी वेगळं ऱ्हाऊ द्या." पोरी हसत हसत चढल्या. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी मी उभी होते. जीप गेली होती त्या वळणापलीकडून तिचा आवाज पुन्हा वर आला तेव्हा घरी वळले.

फॉर्म भरला. राजुरीचे पाहुणे दुसरीकडे गेले. पोरगी रोज जाते आणि रोज येते. घरात तिला सगळे माझ्याच नावानं हाक मारतात. सुनेला ते आवडत नाही. लग्नाच्या पोरीला असलं नाव, म्हणून कुरकुरते. मी तिला का ते सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मला बदलावी लागली. जन्मभराची सवय, सोडायला जड गेली. आता हाक आली की मी पहिल्याच हाकेला ओ देते. दुसरीची वाट बघत नाही. दुसरी येईपर्यंत नातीनं ओ दिली तर?

परवा दुपारी घरात मी एकटीच होते. मुलगा-सून शेतावर, पोरं शाळा-कॉलेजात. मी तांदूळ निवडत होते. मागल्या दारानं माझ्या नावाची हाक आली. बाईचा आवाज, फार मोठा नाही, पानावर बसायला बोलावतात तसा. मी ओ दिली. सूप खाली ठेवलं, काठी घेतली आणि जाऊन दार उघडलं. परसात कोणी नव्हतं. वाळत घातलेलं धुणंही हलत नव्हतं. दुसरी हाक आली नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले, दार उघडं ठेवून, तिला दुसरं दार शोधायला नको म्हणून.

साडेपाचची एसटी वेळेवर आली. दोघी उतरल्या.